मंगळवारची सतरा

मराठीत एखाद्याने दुसऱ्याला तुंबडी लावली म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लबाड माणूस येतो. मी तेवीस वर्षं बायकांना तुंबड्या लावल्या, आणि त्या त्यांनी जिना चढून येऊन, नंबर लावून मागून घेतल्या. आमच्यात या उपचाराला हिजामा म्हणतात. एकदा बँकेत फॉर्म भरताना खिडकीतल्या मुलीने विचारलं, ‘‘काम काय करता?’’ मी म्हटलं, ‘‘हिजामा.’’ तिला बहुधा ‘पजामा’ ऐकू आलं. तिने ‘शिवणकाम’ लिहिलं. मागे रांग मोठी होती, मीही काही बोलले नाही. त्या बँकेच्या कागदांत मी आजही शिंपीण आहे.

गेल्या वर्षी उजव्या हाताचा अंगठा साथ देईनासा झाला आणि मी काम थांबवलं. तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक म्हणतात, आपा, तुमचे अनुभव लिहा. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, त्यामुळे लिहिण्याचं भय नाही. भय आहे ते एका गोष्टीचं. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सगळं सांगणं खोटं होईल, म्हणून तिच्यापर्यंत येतेच आहे. पण आधी काम काय, ते समजून घ्या.

जुन्या नाशकात भद्रकालीच्या बाजूला एका बोळात, अत्तराच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचा युनानी दवाखाना होता. हकीमसाहेब रीतसर पदवी घेतलेले डॉक्टर. पुरुषांचं ते बघत, बायकांची खोली माझ्याकडे. मी नर्सिंगचा छोटा कोर्स केलेला होता, बाकीचं त्यांनी हाताला धरून शिकवलं. पाठीवर, खांद्यांच्या मधे, कधी कंबरेवर पारदर्शक कप ठेवायचे. हातपंपाने आतली हवा ओढली की कातडी फुगून वर येते, लालसर जांभळी होते. चार-पाच मिनिटांनी कप काढायचे, नव्या पात्याने अगदी वरवरचे, मांजराच्या नखासारखे बारीक ओरखडे काढायचे आणि कप परत लावायचे. मग रक्त कपात उतरतं आणि थोड्या वेळात विरजलेल्या दह्यासारखं घट्ट होतं. पात्याचा दाब हीच या कामातली विद्या. नव्या माणसाचा हात एकतर घाबरून उचलला जातो, नाहीतर खोल जातो. मी पहिले सहा महिने टोमॅटोवर पातं चालवलं. साल कापली पाहिजे, पण रस येता कामा नये. आमच्या घरी त्या काळात रोज टोमॅटोचं सार होतं.

आता सगळ्यांना ज्याची उत्सुकता असते ते, म्हणजे वेळ. हिजामा करायचा तो सकाळी, रिकाम्या पोटी. चांद्र महिन्याची सतरा, एकोणीस आणि एकवीस या तारखा चांगल्या समजतात. तशी शिकवण हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतून, आलेली आहे. वारांचंही आहे. सोमवार, मंगळवार, गुरुवार चालतात. बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार टाळावेत असं अनेक जण मानतात. वारांबद्दलच्या रिवायती, म्हणजे परंपरेने आलेली कथनं, तितकीशी पक्की नाहीत असं हकीमसाहेब सांगत. पण ऐकणार कोण? त्यातही सतरा तारीख मंगळवारी आली तर विचारूच नका. त्या दिवशीचा हिजामा म्हणजे वर्षभराचं औषध, असं काही जणी धरून चालत. मंगळवारची सतरा आली की आमच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसे आणि खालचा अत्तरवाला वैतागून दोन पायऱ्या वर चढून ओरडे.

का बरं सतरा? जुने हकीम म्हणत, चंद्र वाढतो तसं अंगातलं रक्त उसळतं, समुद्राला भरती येते तसं. पौर्णिमा उलटली की ते निवतं, तेव्हा काढावं. खरं-खोटं मला ठाऊक नाही. मी चंद्राकडे पाहून कधी कुणाच्या पाठीचा अंदाज केला नाही. मला एवढंच दिसलं की तारीख ठरलेली असली की बाई आदल्या दिवशी नीट जेवते, झोपते, शांत मनाने येते, आणि त्याचा अर्धा गुण तिथेच येतो.

गंमत अशी, की ही तारीख आधीपासून पक्की छापून भिंतीवर टांगता येत नाही. चांद दिसला तर महिना सुरू, ढगांमुळे नाही दिसला तर तिसावा दिवस पुरा करायचा. पावसाळ्यात आमचा फोन यासाठीच वाजे. ‘‘आपा, आज सतरा की सोळा?’’ एकदा दोन जावा एकाच रिक्षातून आल्या. थोरलीच्या हिशेबाने सतरा, धाकटीच्या माहेरच्या हिशेबाने सोळा. थोरली करून घेऊन शेजारी चहा पीत बसली, धाकटी नुसती बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी एकटी परत आली. दोघींचीही कंबर सारखीच बरी झाली. हे मी दोघींनाही सांगितलं नाही.

आमच्याकडे फक्त मुसलमान बायका येत असं नाही. मखमलाबादकडच्या अंजनाबाई वर्षातून चारदा यायच्या. झेंडू आणि शेवंतीचं शेत, पहाटे वाकून फुलं तोडायची, टोपली डोक्यावर घ्यायची. मान आणि खांदे लाकडासारखे झालेले. पहिल्या वेळी मी त्यांना सतरा-एकोणीस समजावून सांगू लागले, तर त्या बोटांवर काहीतरी मोजत बसल्या.

‘‘म्हंजी पुनवेनंतर तीन-चार दिस. मंग संकष्टीच्या आगंमागंच पडतंय की हे!’’

मी चाट पडले. इतकी वर्षं चांद मोजत होते, पण त्याच चंद्राला दुसऱ्या गल्लीत दुसऱ्या नावाने मोजतात हे ध्यानात आलं नव्हतं. पुढे अंजनाबाईंना मी कधी तारीख कळवली नाही. त्या संकष्टीवरून काढत आणि बरोबर येत. एकदा नेमक्या संकष्टीलाच आल्या.

‘‘रझियाताई, उपास हाय. रक्त काढल्यानं मोडत नाय ना?’’

रमजानमध्ये हाच प्रश्न मला बायका विचारत, ‘‘रोजा तो नहीं टूटता ना, आपा?’’ मी हकीमसाहेबांचं उत्तर अंजनाबाईंनाही दिलं. मोडतो की नाही हा तुमचा आणि देवाचा मामला. मला चक्कर येऊन पडलेली बाई उचलावी लागते, आणि उपासात नंतरही पोटभर खाता येत नाही, तेव्हा त्या दिवशी मी करत नाही. त्यांना ते पटलं. त्या तशाच परत गेल्या आणि दोन दिवसांनी येताना शेवंतीचा एक मोठा वाटा घेऊन आल्या. आठवडाभर आमचा दवाखाना दर्ग्यासारखा दरवळत होता.

आता ती गोष्ट.

हमीदाखाला, म्हणजे हमीदामावशी, माझ्या अगदी पहिल्या पेशंटपैकी. उर्दू शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, साठीच्या, सडपातळ आणि कडक. वडाळा नाक्याजवळ मुलगा इरफान आणि सून शाहीन यांच्याबरोबर राहत. मुलगा अंबडच्या एका कारखान्यात पाळीवर, शाहीन घरी ब्लाऊज-ड्रेस शिवायची. दर दोन-तीन महिन्यांनी खाला येत, त्या दिवशी तारीख सतराच असे. गणिताच्या बाई असल्यामुळे त्यांचा हिशेब आमच्यापेक्षा पक्का. वर्षाच्या सुरुवातीला त्याच मला सांगत, यंदा कोणत्या महिन्यात मंगळवारची सतरा संभवते. मी लहानपणापासून आईविना वाढले. कप लावलेले असताना पालथ्या पडल्या पडल्या खाला मला रागवायच्या, ‘‘रझिया, किती वाळलीस! दूध पितेस का?’’ आणि मला ते बरं वाटायचं. त्यांच्याकडून मी कधी फी घेऊ शकले नाही. त्याही मग ईदला माझ्यासाठी शाहीनच्या हातचा ड्रेस पाठवत.

त्या दिवशी शनिवार होता, चांदची चौदा. सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील. तारीख-वार न मानणाऱ्या एका बाईच्या पाठीवर माझे पाच कप लागलेले, हातात पातं. फोन वाजला. खालांचं नाव दिसलं म्हणून मी तो खांदा आणि कानाच्या मधे धरला.

‘‘रझिया, कालपासून पाठ भरून आलीय बघ. डावा खांदा ओढल्यासारखा होतोय. थोडा घामही येतो. आज चौदा, त्यात शनिवार. मंगळवारी सतरा येतेय. येऊ की थांबू?’’

मी मान वाकडी करून पात्याकडे बघत होते. कपाखालची कातडी पुरेशी वर आली होती, उशीर केला असता तर फोड आला असता.

मी म्हटलं, ‘‘थांबा खाला. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. मंगळवारची सतरा कशाला सोडता?’’

‘‘मलाही तेच वाटत होतं,’’ त्या म्हणाल्या. आवाज समाधानी होता. फोन ठेवला. मी कप काढून पातं टेकवलं. त्या बाईचं काम मी फार सफाईने केलं, हे मला लख्ख आठवतं.

सोमवारी सकाळी मी दवाखान्याचं कुलूप काढत असताना शाहीनचा फोन आला. तिने फक्त इस्पितळाचं नाव आणि मजला सांगितला. मी रिक्षाने गेले. कॉरिडॉरमध्ये बाकावर ती बसली होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला. खालांना हृदयविकाराचा झटका आला होता. शुक्रवारपासूनच दुखत असावं, असं डॉक्टर म्हणाले. रविवारी संध्याकाळी त्या मोरीच्या दारात कोसळल्या, तेव्हा आणलं.

‘‘शनिवारीच मी म्हणत होते, अम्मी, चला डॉक्टरकडे,’’ शाहीन म्हणाली. ती रडत नव्हती. ‘‘रविवारी सकाळी परत म्हटलं. त्या म्हणाल्या, रझियाने थांब म्हणून सांगितलंय. ती रोज शंभर पाठी बघते, तिला कळत नसेल का?’’

डावा खांदा, भरून आलेली पाठ, घाम. नर्सिंगच्या कोर्समध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात ते. पेशंट म्हणून कुणी समोर बसून सांगितलं असतं तर मी त्या क्षणी उठून रिक्षा बोलावली असती. पण खालांनी तारीख विचारली, आणि मी तारीख सांगितली.

तिथून मी सरळ हकीमसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, उद्यापासून मी येणार नाही.

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, ‘‘तारखा कुणासाठी असतात, रझिया?’’

उत्तर त्यांनीच दिलं.

‘‘जो धडधाकट आहे, ज्याला तब्येत राखायची आहे, त्याने चांगला दिवस बघावा. सवड आहे, तर बघावा. आजारी माणसाला तारीख नसते. त्याला गरज असते. हे आपल्या बुजुर्गांनीच लिहून ठेवलंय, मी माझ्या मनाचं सांगत नाही.’’

‘‘तुम्ही हे मला शिकवलं होतं,’’ मी म्हटलं.

‘‘शिकवलं होतं. आणि दर वर्षी अंदाजी तारखांचं कार्डही मीच छापत होतो. त्यावर हे एक वाक्य लिहायला मला कधी सुचलं नाही. पाठीमागची बाजू कोरी आहे त्याची.’’ त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड उचलून उलटं केलं आणि माझ्यापुढे ठेवलं. ‘‘तू येणार नसशील तर ते कोण लिहील?’’

मंगळवारी सतरा होती. जिना भरलेला होता. मी आले, हातमोजे चढवले आणि दिवसभर काम केलं. त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक बाईला वाटत होतं की आपण मोठ्या नशीबवान.

त्यानंतर आम्ही कार्डाच्या मागे प्रश्न छापले. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखतं का? दम लागतो का, घाम येतो का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? दिवस गेलेले आहेत का? साखर, रक्तदाब? यातल्या एकालाही ‘हो’ आलं तर तारीख बघायची नाही, आधी डॉक्टरला दाखवायचं. आणि मी स्वतःपुरता एक नियम केला, हातात काम असताना फोन घ्यायचा नाही. हात पुसून, खुर्चीवर बसून बोलायचं. फोनवर कुणी ‘आज कितवी?’ विचारलं की मी विचारायची, ‘‘होतंय काय ते आधी सांग.’’ पुष्कळ बायका यावर चिडल्या. आपाला साधी तारीख विचारली तर पोलिसासारखी चौकशी करते, अशी माझी ख्याती झाली.

एकदा कळवणहून एक बाई आली. पहाटेच्या एसटीने निघालेली, रिकाम्या पोटी. चांगली उंच, नाकात मोठी चमकी. गुरुवार आणि सतरा, दोन्ही जुळून आलेलं. मी प्रश्न विचारत गेले, ती नाही-नाही म्हणत गेली. गोळ्यांचं विचारलं तर म्हणाली, एकच छोटी घेते, झटका आल्यापासून. पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. रक्त पातळ करणारी गोळी.

मी म्हटलं, ‘‘बहन, मला करता येणार नाही. रक्त थांबलं नाही तर काय करू?’’

‘‘तीन तास बसून आले मी! पुन्हा गुरुवारची सतरा कधी येईल?’’

‘‘तुमच्या डॉक्टरला विचारा, त्यांनी लिहून दिलं तर...’’

‘‘तो कशाला लिहून देईल? तुम्हाला करायचंच नाही. घाबरट आहात तुम्ही. उगाच नाव ऐकून आले.’’

हे सगळं भरलेल्या खोलीत. मी हकीमसाहेबांना बोलावलं, त्यांनीही तेच सांगितलं. मी तिला खजूर आणि चहा दिला. तिने चहा घेतला, खजुराला हात लावला नाही. ती जिना उतरून गेली. नंतर दुसरीकडे गेली का, तिथे कुणी केलं का, तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. बाकीच्या पेशंटचं मला बरंच काही माहीत असतं, त्यांच्या सुनांची भांडणंसुद्धा. हिचं नाही. कधी कधी वाटतं, ती नाराज होऊन गेली हेच बरं. कधी वाटतं, मी तिला तिच्यासाठी परत पाठवलं की माझ्यासाठी?

खाला वाचल्या. तीन आठवड्यांनी घरी आल्या, पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला. दोन मजल्यांचा जिना बंद, दूध-भाजी आणणं बंद, हिजामा तर बंदच, कारण त्यांनाही ती गोळी सुरू झाली होती. त्या इस्पितळात असताना मी रोज बाहेरच्या बाकापर्यंत गेले. त्या घरी आल्यावर मात्र पाय उचलेना. चार महिने गेले नाही. ईद आली. ड्रेस आला नाही. तो यावा अशी माझी अपेक्षा नव्हती, पण मी दिवसभर दाराकडे बघत होते.

शेवटी खालांनीच निरोप पाठवला, शेजारच्या बाईबरोबर. रझियाला म्हणावं, मी मेले नाहीये.

गेले. दार शाहीनने उघडलं, आत घेतलं आणि मशीनवर जाऊन बसली. खाला खिडकीजवळ उशीला टेकून बसल्या होत्या. गणिताच्या बाईंचा तो ताठ कणा आता वाकला होता. मी त्यांचे पाय धरले आणि मनात चार महिने पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. चूक माझी होती. तुम्ही लक्षणं सांगत होता, माझं लक्ष पात्यावर होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘झालं? आता माझं ऐक. आमचे फॅमिली डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे बसतात. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये तुझ्या नंबरच्या वरच आहे. मग मी तुला का केला फोन?’’

‘‘तारीख विचारायला.’’

‘‘तारीख मला माहीत नव्हती? वर्षाची यादी मीच तुला देते.’’ त्या थांबल्या, दम घेतला. ‘‘डॉक्टरांना केला असता तर ते म्हणाले असते, लगेच या. मला तेच ऐकायचं नव्हतं. इरफानचे अब्बा असेच गेले. सकाळी पाठ दुखते म्हणाले, दुपारी इस्पितळात नेलं, परत आलेच नाहीत. मला वाटलं, मीही एकदा तिथे गेले की संपलं. ‘थांबा’ म्हणणारं कुणीतरी हवं होतं मला. म्हणून तुला फोन केला. मला ठाऊक होतं, मंगळवारची सतरा म्हटल्यावर तू थांबाच म्हणशील.’’

मशीनचा आवाज बंद झाला होता. शाहीन ऐकत होती.

मला मोकळं करण्यासाठी खाला हे बोलल्या, हे मला कळत होतं. पण मी मोकळी झाले नाही. उलट परत येताना सारडा सर्कलला सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा मागचे कितीतरी फोन आठवू लागले. ‘‘आपा, आज नको ना? सतरापर्यंत थांबू ना?’’ त्यातल्या किती जणींना तारीख हवी होती, आणि किती जणींना भीतीपासून तीन-चार दिवसांची सवलत हवी होती? मी धर्माचं सांगते असं मला वाटत होतं. त्या मात्र माझ्या तोंडून स्वतःचंच म्हणणं ऐकून घेत होत्या. चांगल्या दिवसाची वाट बघणं ही चांगलीच गोष्ट आहे. मी अजूनही ते मानते. माझ्या स्वतःच्या पाठीला मी सतरा चुकवत नाही. पण वाट बघणाऱ्या माणसाला विचारलं पाहिजे, की तू दिवसाची वाट बघतोयस की दिवसामागे लपतोयस. हे विचारायला वेळ लागतो, धीर लागतो, आणि दोन्ही हात मोकळे लागतात.

त्यानंतर खालांकडे मी दर आठवड्याला जाऊ लागले. त्यांचा रक्तदाब बघायचा, गोळ्यांचा डबा भरायचा, रागावून घ्यायचं. शाहीन चहा करायची, कपबशी पुढे ठेवायची, हवं-नको विचारायची. माझ्याकडे बघून बोलायची नाही. खालांनी मला माफ केलं होतं की नाही हा प्रश्नच त्यांनी उरू दिला नव्हता. पण ती शनिवारची रात्र सासूच्या उशाशी बसून हिने काढली होती. सासूचं ऐकावं की तिला उचलून न्यावं, हे न ठरवता आल्याचा सल तिलाही असणारच. तिच्याकडे माफी कुठल्या तोंडाने मागायची ते मला सुचलं नाही, आणि मी मागितली नाही.

वर्ष-दीड वर्षाने, दुपार व्हायच्या सुमाराला, मी खोली आवरत होते. त्या दिवशी पेशंट फारसे नव्हते. चांद दिसून पाचच दिवस झालेले. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात शाहीन. एकटी. एका हाताने मान धरलेली.

‘‘लग्नसराईचं काम आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मशीनवर बसून बसून मान वळत नाही. उजवा हात वर जात नाही.’’

मी तिला खुर्ची दिली, समोर बसले आणि विचारायला सुरुवात केली. कधीपासून दुखतंय? दुखणं हातात उतरतं का? छातीत काही? दम लागतो? घाम? कोणती गोळी चालू आहे? दिवस गेलेले आहेत का? सकाळपासून काय खाल्लंस? रक्तदाब बघितला, नाडी बघितली. हात वर करायला लावला, मान वळवायला लावली. ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होती, शाळेतल्या मुलीसारखी, एकेका शब्दात. सगळे प्रश्न संपले तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

‘‘हे सगळं त्या शनिवारी अम्मींना विचारलं असतं तर?’’

‘‘विचारायला हवं होतं,’’ मी म्हटलं. ‘‘नाही विचारलं.’’

खाली बोळातून एक हातगाडी खडखडत गेली. मग तिने ओढणी काढून घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली, आणि माझ्याकडे पाठ करून बसली.